घाणेरीची गाठ मातीखाली असते

पहिल्या वर्षी आम्ही घाणेरी, म्हणजे लँटेनाचं काटेरी झुडूप, काढली नाही, तिची हजामत केली. अकरा बायका आणि तीन गडी. मोहाचा हंगाम तोंडावर आला होता, म्हणून मार्च महिन्यात कोयते-कुऱ्हाडी घेऊन जंगलात शिरलो आणि कमरेच्या वरचं सगळं सपाट केलं. फोटो काढले, चहा झाला. माझ्या सासूबाई मात्र बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "कापून राहिल्या तं कापा बाई, पण पोळ्याले येऊन पाहजा." पोळ्याला जाऊन पाहिलं. ज्या खोडाला चार फांद्या होत्या त्याला अकरा कोंब फुटले होते, तेही रसरशीत, हिरवेगार, काटे एकदम ताजे.

मी नागभीड तालुक्यातल्या एका गावची. दोन एकर धान, एप्रिलमध्ये मोह, मे महिन्यात तेंदूपत्ता, असा आमचा वर्षाचा हिशेब. आमच्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क, म्हणजे गावाचं जंगल राखायचा आणि त्याचा कारभार बघायचा हक्क, मिळालेला आहे आणि त्याच्या समितीत मी आठ वर्षं आहे. आता आजूबाजूच्या गावांतल्या बायका फोन करून विचारतात, तुमच्याकडे लँटेना कसं गेलं म्हणून. गेलं नाही, कमी झालं. कसं केलं ते एकदा सगळं लिहून ठेवते, म्हणजे प्रत्येकीला फोनवर सांगत बसायला नको.

आधी नावाचं. पुस्तकात घाणेरी, कुठे टणटणी, मेळघाटाकडे रायमुनिया. आमच्याकडे तरणी पोरं सरळ लँटेना म्हणतात. झाड एकच. मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं. इंग्रजांनी १८०० नंतरच्या पहिल्या दहा वर्षांत कलकत्त्याच्या वनस्पती बागेत शोभेसाठी आणून लावलं, तिथून बंगल्यांच्या कुंपणाला गेलं आणि कुंपणावरून जंगलात. वाघांच्या जंगलांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी २०२० साली मांडलं की देशातल्या अशा जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त क्षेत्रात ही पसरली आहे. आमचं जंगल त्यात धरलं होतं की नाही, देव जाणे. आम्हाला एवढंच दिसत होतं की मोहाच्या झाडाखाली टोपलं टेकवायला जागा उरली नव्हती.

तिच्या जिवाची गोष्ट समजून घ्या, मग कुदळ उचला

घाणेरीचं फूल नीट बघितलं आहे का? गुच्छाच्या मधली फुलं पिवळी, कडेची नारिंगी, लाल किंवा गुलाबी. वेगवेगळी नाहीत ती. नुकतं उमललेलं पिवळं असतं, त्यात मध असतो. जुनं झालं की रंग बदलतं. फुलपाखरू शहाणं, ते पिवळ्यावरच बसतं. रंगीत कड राहते ती लांबून फुलपाखराला बोलवायला. एवढी हुशार बाई आहे ही, हे आधी मान्य करा.

मग फळ. आधी हिरवं, कडक, चकचकीत. पिकलं की निळसर काळं, मिऱ्यापेक्षा थोडं मोठं. झुबक्यात येतं. मोठ्या झुडपाला वर्षाला बारा हजारांपर्यंत फळं धरतात. प्रत्येक फळात एक कडक बाठी. आता खरी गंमत अशी, की गराच्या आत असलेली बाठी कमी रुजते. बुलबुल, साळुंकी, कोल्हा, अस्वल हे फळ खातात, गर पोटात जातो आणि साफ झालेली बाठी विष्ठेतून बाहेर पडते. ती जास्त रुजते. म्हणजे पेरणी पक्षी करतात, आणि पक्षी कुठे बसतात ते आपल्याला माहीत असतं.

मी एकदा नाल्याकाठच्या एका बेहड्याखाली बसून मोजलं होतं. आठ पावलांच्या घेरात एकशे त्रेचाळीस रोपं. त्याच्या पलीकडे, मोकळ्या जागी, वीससुद्धा नव्हती. तेव्हापासून आम्ही जंगल एकरात मोजत नाही, झाडात मोजतो. मोह, बेहडा, येन, उंबर, जिथे पक्षी थांबतो ते झाड. त्याच्या सावलीच्या कडेला पहिलं काम.

दुसरं असं की हिला ऊन पाहिजे. दाट सावलीच्या जंगलात ती खुरटी राहते. जिथे सागवान तोडलं, जिथे वणवा गेला, जिथे रस्त्यासाठी झाडं कापली, तिथे धावत येते. फांदी ओल्या मातीला टेकली तर तिथूनही मूळ धरते. आणि बी मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतं. म्हणून एका वर्षात संपवतो म्हणणाऱ्या माणसाच्या मागे जाऊ नका. आमच्या शेजारच्या एका गावात यंत्र लावून तीन दिवसांत डोंगराचा पायथा साफ केला होता. माती उलटीपालटी झाली, खालचं सगळं बी वर आलं. दुसऱ्या पावसात तिथे तरोटा, रानतुळस आणि त्याच्यामध्ये पुन्हा घाणेरीची गादी. यंत्राचं भाडं ज्यांनी भरलं ते आता त्या बाजूला बघतही नाहीत.

कोणती कापायची, कोणती नाही

हे मी मुद्दाम लिहिते, कारण आमच्याकडूनच चूक झाली. दुसऱ्या वर्षी नवीन पोरं आली होती. काट्याचं जे दिसेल ते घाणेरी समजून त्यांनी येरोणीची (बोराच्या जातीचं काटेरी झुडूप) आणि करवंदाची झुडपं उडवली. सासूबाईंनी दोन दिवस कोणाशी बोलणं टाकलं. येरोणीची फळं त्यांच्या लहानपणाची खाऊची पुडी होती, आणि अस्वल, कोल्हा, पक्षी ह्यांचं ते आजही अन्न आहे.

घाणेरीची ओळख अशी. कोवळी फांदी चौकोनी, बोटांत फिरवली तर कोपरे लागतात. काटे मागे वाकलेले, साडीचा पदर धरतात ते हेच. पाने समोरासमोर, कडा करवतीसारखी, पाठ खरखरीत. पान चुरगाळलं की तो उग्र, डोक्यात जाणारा वास. येरोणीची पाने एकाआड एक, तीन शिरा देठापासून निघालेल्या. करवंदाचं पान तोडलं तर दूध येतं. निर्गुडीची कोवळी फांदीही चौकोनी असते, पण तिला काटे नाहीत आणि पानाची पाच बोटं. लहान रोपात फसायला होतं, कारण रानतुळशीचं रोपही चौकोनी खोडाचं. शंका आली की चुरगाळून वास घ्या. एकदा नाकाला कळलं की माणूस चुकत नाही.

जाळीच्या आत कुदळ घालण्याआधी एक काम आणखी आहे. वाकून आत बघायचं. गुरांना आत शिरता येत नाही, त्यामुळे काट्यांच्या पोटात चाराची म्हणजे चारोळीची, आवळ्याची, सागाची, बिजाची रोपं सुखाने वाढलेली असतात. आम्ही जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या कमरेला खोचून नेतो. आत रोप दिसलं की चिंधी बांधायची, मगच घाव. एकदा एकाच जाळीत चाराची सात रोपं निघाली. चाराचं झाड आमच्या जंगलात आता शोधावं लागतं. घाणेरीने आमचं काही राखलं असेल तर एवढंच.

घाव कुठे घालायचा

आता मुद्द्याचं. घाणेरीचा जीव फांदीत नाही आणि खोल मुळातही नाही. खोड संपून मूळ सुरू होतं तिथे मातीखाली एक गाठ असते. कोंब तिथून फुटतात. गाठ मुळाला लागून राहिली की ती परत आली. गाठ मुळापासून तुटली की खालचं मूळ सडून जातं, त्याला कोंब येत नाही.

दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात हीच पद्धत बसवली. मातीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून ठेवायचं. आम्हाला हे एका प्रशिक्षणात सांगितलं तेव्हा मी मनात म्हटलं, एवढंच? एवढंच आहे, पण हात बसायला वर्ष गेलं.

काम दोघींनी मिळून करायचं. एकीच्या हाती लांब आकडी, दुसरीच्या हाती चिंचोळ्या पात्याची कुदळ आणि खुरपं. पहिलीने आकडीने सगळ्या फांद्या एका बाजूला ओढून धरायच्या, म्हणजे बुडखा उघडा पडतो आणि दुसरीच्या तोंडावर काटे येत नाहीत. दुसरीने खुरप्याने बुडख्याभोवतीची माती आणि पालापाचोळा बाजूला करायचा. घाई इथेच होते. बुडखा दिसला की लगेच घाव घातला जातो आणि तो गाठीच्या वर बसतो. दोन मिनिटं थांबून बोटाने चाचपा. वरची साल करडी, फाटकी, तिच्यावर बारीक उंचवटे लागतात, ते झोपलेले कोंब. खाली बोट नेत गेलं की एका ठिकाणी उंचवटे संपतात, साल एकसारखी होते आणि बाजूला तंतू सुटलेले लागतात. ते मूळ. उंचवटे संपल्यावर आडवी दोन बोटं खाली जा, आणि तिथे कुदळ तिरपी घाला.

साध्या झुडपाला दोन घाव पुरतात. मूळ तुटताना एक बसका आवाज येतो, ओली काडी मोडल्यासारखा नव्हे, जाड दोरी तुटल्यासारखा. तो ओळखीचा झाला की न बघता कळतं. मग आकडीवालीने ओढायचं, बाजूची मुळं आपोआप सुटतात.

नाल्याकाठी एक फसवणूक आहे, ती कोणी सांगत नाही. पुराचा गाळ दरवर्षी बुडख्यावर चढतो. तुम्हाला वाटतं जमिनीखाली दोन-तीन बोटं गेलो, झालं काम. पण खरी गाठ वीतभर खाली पुरलेली असते आणि वर दिसतं ते नुसतं गाडलेलं खोड. आमची पहिल्या दोन वर्षांतली सगळ्यात जास्त फूट नाल्याकाठीच आली. तिथे सेंटिमीटर विसरा, उंचवटे संपेपर्यंत उकरा.

हातभर उंचीची रोपं असतील तर कुदळ नको. पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी, माती मऊ असताना, बुडाशी धरून सरळ वर ओढा. मुळासकट येतात. हे काम शाळेतली पोरंही करतात, पण त्यांच्या हातात मोजे पाहिजेत. मोजे नसतील तर जुन्या जीन्सच्या पायाचे तुकडे कापून बाहीसारखे चढवा. आम्ही तेच वापरतो.

काढलेल्या झुडपाचं काय? उलटं करायचं, मूळ आभाळाकडे, शेंडा खाली. आणि ओल्या मातीवर नाही. दगडावर, वाळक्या ओंडक्यावर किंवा आधीच्या वाळलेल्या ढिगावर. पावसाळ्यात फांदी मातीला टेकली की मूळ धरते हे वर सांगितलंच. आम्ही एकदा नाल्याच्या थडीवर ढीग लावले आणि श्रावणात ढिगालाच पालवी फुटली. त्या दिवशी गावात जे हसू झालं ते अजून संपलेलं नाही.

केव्हा

पुस्तक सांगतं पावसाळ्यात काढा, फळ धरायच्या आधी. बरोबर आहे. माती मऊ, मूळ सुटतं, बी पडलेलं नाही. पण पुस्तक लिहिणाऱ्याला धान लावायचं नसतं. आमच्या झाडीपट्टीत जुलैपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत रोवणा, म्हणजे धानाची लावणी. त्या दिवसांत जंगलात यायला एक बाई मिळणार नाही आणि मिळूही नये, कारण वर्षाचं पोट त्यात आहे. म्हणून आम्ही दोन तुकडे पाडले. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की रोवण्याआधीचे आठ-दहा दिवस. मग पोळा आणि तान्हा पोळा झाला की धान कापणीला लागेपर्यंत मधले जे दिवस मिळतील ते. आमच्याकडे पावसाळा सरता सरता फुलोरा भरात येतो आणि हिवाळ्यात फळ काळं होतं. दिवाळीनंतर मोठं झुडूप हलवलं की बी सांडतंच. तेव्हा हात लावायचाच असेल तर फळांचे झुबके आधी पोत्यात उतरवून घ्या.

कापूस-सोयाबीनवाल्या भागातल्या बायांचं वेळापत्रक वेगळं असेल, ते त्यांनी बसवावं.

अंदाजासाठी सांगते. दाट जाळीचं अडीच एकर आम्हा चौदा जणांना नऊ दिवस पुरलं. विरळ असेल तर तेवढंच क्षेत्र तीन दिवसांत होतं. पहिल्या वर्षी फार घेऊ नका. जेवढ्यावर पुढची तीन वर्षं परत जाता येईल तेवढंच घ्या. हे वाक्य मी समितीच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे, कारण दरवर्षी कोणीतरी उत्साही निघतोच. आणि उतारावर सगळं एकदम उघडं करू नका. आडव्या पट्ट्या पाडा, एक काढा, एक ठेवा. नाल्याच्या कडेची घाणेरी तर गवत आणि झुडपं धरेपर्यंत राहू द्या, ती माती धरून असते.

आत शिरण्याआधी

ब्रह्मपुरी वनविभागात राहणाऱ्या माणसाला वाघ काय हे सांगायला नको. घाणेरीची जाळी ही जनावराची बसायची जागा. वाघ, बिबट, अस्वल, पिल्लांची रानडुकरीण, काहीही. वाकून काम करणारी एकटी बाई म्हणजे जनावराला माणूस वाटतच नाही. आमचे नियम साधे आहेत आणि ते मोडणारीला दुसऱ्या दिवशी आणत नाही. सकाळी नऊच्या आधी नाही, दुपारी चारनंतर नाही. दहापेक्षा कमी जणी असतील तर जायचं नाही. दोघे जण फक्त उभे राहून नजर ठेवणार, ते कामाला हात लावणार नाहीत. शिरण्याआधी डबा वाजवायचा, आरोळ्या द्यायच्या. जाळी बाहेरून आत खात जायची, मधून घुसायचं नाही, म्हणजे जनावराला दुसऱ्या बाजूने निघायला वाट राहते. ताजी खोज (पाऊलखूण) किंवा मारलेलं जनावर दिसलं की सामान उचलून घरी, आणि गार्डसाहेबांना फोन. त्या दिवसाची मजुरी बुडाली तर बुडाली.

गांधीलमाशीचं पोळं जाळीत हमखास असतं, आधी आकडीने फांद्या हलवून बघा. घोणस आणि मण्यार पालापाचोळ्यात. पायात गमबूट.

कायद्याचं थोडक्यात. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण, संवर्धन आणि व्यवस्थापन करायचा हक्क ग्रामसभेला दिला आहे. ह्या हक्काचा कागद, म्हणजे पट्टा, मिळाला असेल तर ठराव करा, आराखड्यात घाणेरी काढणं लिहा, एक प्रत वनविभागाला द्या. पट्टा नसेल किंवा जंगल अभयारण्यात असेल तर आधी परवानगी, मग कुदळ. आमची फाईल एका टेबलावर सात महिने पडली होती. साहेब बदलले तेव्हा हलली. तोवर आम्ही गावठाणाच्या कडेची आणि शेताच्या धुऱ्यावरची (बांधावरची) काढली, त्याला कोणाला विचारावं लागत नाही. अमरावती जिल्ह्यात अचलपूर तालुक्यातलं पायविहीर हे गाव ह्या बाबतीत पाहून यावं असं. हक्क मिळाल्यावर त्यांनी जंगलातली घाणेरी काढली आणि आता तिथली सीताफळं बाजारात जातात.

औषध, जाळणं आणि किडे

तणनाशक मारा असं सांगणारे भेटतात. मी नाही म्हणते. ज्या जंगलातून आम्ही मोह, तेंदू, मध, रानभाज्या आणतो आणि ज्या नाल्याचं पाणी गुरं पितात तिथे फवारा नको. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विदर्भात कोणी विसरलेलं नाही.

जाळणं त्याहून वाईट. मोहाच्या झाडाखालचा पाला जाळायची आपल्याकडची सवय. त्या विस्तवाला घाणेरीची वाळकी काडी मिळाली की आग शिडी चढल्यासारखी झाडाच्या शेंड्याला जाते. मोहाची रोपं, चाराची रोपं मरतात. घाणेरीची गाठ मातीखाली सुखरूप असते, पहिल्या पावसात तीच आधी फुटते आणि आता तिला मोकळं ऊन. दर वणव्यामागे ती एक पाऊल पुढे येते. म्हणून वाळलेले ढीगही उन्हाळ्यात जंगलात पेटवायचे नाहीत. हिवाळ्यात, फळ नसलेल्या काड्या सरपणाला घरी आणायच्या. चुलीत चांगल्या जळतात. जाड सरळ काड्या धुऱ्याच्या कुंपणाला. कर्नाटकात मले महादेश्वर डोंगरावरचे सोलिगा लोक हिच्या काड्यांच्या खुर्च्या-टेबलं बनवतात, पण ते शिकायला जाणं आमच्याकडून अजून झालेलं नाही.

किडे सोडायचाही प्रयोग झालेला आहे. ऑस्ट्रेलियाने तर शंभर वर्षांत तीसहून जास्त जातींचे किडे आणून पाहिले, तरी घाणेरी तिथे आहेच. आपल्याकडे पानातला रस शोषणारा एक ढेकूण १९४१ साली तिथूनच आणला होता. तपासात तो सागाच्या फुलावरही बसतो असं निघालं, आणि सागाच्या मुलखात असला पाहुणा कोणाला पाहिजे? तरी तो निसटलाच आणि पसरला. घाणेरीच्या पानांवर पांढुरके ठिपके पडून ती वाळल्यासारखी दिसली तर बऱ्याचदा त्याचंच काम असतं. खूश होऊ नका, पाऊस आला की ती पुन्हा हिरवी.

गुरांना विष

हे शेतकऱ्यांसाठी. घाणेरीच्या पाल्यात यकृत बिघडवणारं विष असतं. जाणती गुरं तिला तोंड लावत नाहीत. बाहेरून आणलेलं जनावर किंवा उन्हाळ्याच्या शेवटी चारा संपलेलं जनावर खातं. आमच्या शेजाऱ्यांचा पांढरा गोऱ्हा, बाजारातून आणून पंधरा दिवस झाले होते. आधी त्याने रवंथ सोडलं, शेण घट्ट झालं. मग उन्हात उभा राहीना, गोठ्याच्या कोपऱ्यात तोंड घालून उभा. चौथ्या दिवशी नाकपुडीची आणि कानाची कातडी लाल होऊन फाटू लागली, डोळ्यांचं पांढरं पिवळं पडलं. आम्हाला वाटलं, तोंडखुरी. जनावराच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "ह्याला चरायला कुठे नेता?" गोऱ्हा वाचला, पण तीन आठवडे अंधाऱ्या गोठ्यात ठेवावा लागला. विष यकृतात गेलं की उन्हाने कातडी जळते, आणि पांढऱ्या कातडीची जास्त. असं दिसलं तर आधी सावलीत आणा आणि त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. गावठी औषधात दोन दिवस घालवू नका.

पोरांनाही सांगून ठेवा. काळं पिकलेलं फळ आम्ही लहानपणी खाल्लेलं आहे हे खरं, पण त्याच झुबक्यात हिरवी फळं असतात आणि हिरवं फळ विषारी. पोराच्या हाताला तो फरक नसतो. त्यापेक्षा बोरं, येरोणी, टेंभरं खाऊ द्या.

पुढची तीन वर्षं

मोकळी केलेली जागा रिकामी राहत नाही. तुम्ही काही लावलं नाही तर तरोटा, गाजरगवत आणि घाणेरी आपसात वाटून घेतात. आम्ही गवत लावतो. डिसेंबरात बांधावरून आणि माळावरून पवना, शेडा, मारवेल ह्या गवतांची पिकलेली कणसं ओरबाडून पोत्यात भरायची, कोरड्या जागी टांगून ठेवायची, आणि जूनमध्ये घाणेरी काढलेल्या जागी शेण-मातीत कालवून विस्कटायची. कुसळी गवत आपोआप येतं, ते मुद्दाम पेरू नका, गुरांच्या तोंडात टोचतं. पहिलं वर्ष त्या तुकड्यात चराई बंद. गुराख्यांशी हे आधी बोलून घ्या, नंतर भांडण होतं. आमचं झालं. शेवटी ठरलं की गवत कापून न्यायचं, गुरं न्यायची नाहीत, आणि पहिला वाटा गुराख्यांचा.

दुसऱ्या पावसात परत जायचं. दोन गोष्टी बघायच्या. जुन्या जागी फूट आली का? आली असेल तर गाठ राहिली, पुन्हा उकरा. आणि पक्ष्यांच्या झाडाखाली रोपं आली का? ती हाताने उपटा. तिसऱ्या वर्षीही हेच, फक्त काम निम्मं. चौथ्या वर्षी त्या तुकड्यात दोन बायकांचं एका दिवसाचं काम उरतं, जायचं मात्र वरच्या नियमाप्रमाणे सगळ्यांनी मिळूनच. ह्या फेऱ्यांना फोटो काढायला कोणी येत नाही आणि मजुरीचा पैसाही बहुतेक पहिल्याच वर्षात संपलेला असतो. आम्ही मोहाच्या विक्रीतून किलोमागे एक रुपया ह्या फेऱ्यांसाठी बाजूला काढतो.

एकशे त्रेचाळीस रोपांचा तो बेहडा मी अजून मोजते. गेल्या पावसाळ्यात नऊ निघाली. सासूबाई सोबत आल्या होत्या, त्यांच्याने आता वाकवत नाही, म्हणून काठीने दाखवत होत्या, "हे राहलं, ते राहलं." नवव्या रोपाला मी हात घातला तर त्यांनी काठी माझ्या मनगटावर ठेवली. वास घेतला. निर्गुडी होती. म्हणजे आठच.

नाल्याच्या वरच्या अंगाचे सात बेहडे आणि एक मोठा उंबर अजून बाकी आहे. तान्हा पोळा झाला की तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला निघतो. शेजारच्या गावच्या कोणाला शिकायला यायचं असेल तर या, भाकर आमच्याकडे. कुदळ मात्र आपापली आणा, समितीकडे चारच आहेत आणि त्यातल्या एकीचा दांडा हलतो.